विचारायचं कुणी?

गेल्या शतकातल्या चाळीसच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात स्प्रिंगफिल्ड नावाचं गाव आहे. तिथल्या रेडिओ केंद्रावर एक तरुण मुलगी गाणी म्हणायची. गाणी तिकडच्या खेड्यापाड्यांतली, ज्यांना कंट्री म्युझिक म्हणतात ती. मुलीचं नाव व्हर्जिनिया एशेलमन. पण रेडिओवर ती व्हर्जिनिया गिब्सन या नावानं गायची. कॉलेजात गेली होती, पण पदवी काही पदरात पडली नाही. लग्नं झाली, मोडली. शेवटचा नवरा बँडवाला, त्याचं जॉन्सन हे आडनाव तिच्याकडे राहिलं, आणि दोन लहान मुलं राहिली. १९५७ साली, तिशी ओलांडल्यावर, ती सेंट लुईस शहरातल्या एका विद्यापीठात नोकरीला लागली. पुढं १९७० च्या मे महिन्यात 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचा चेहरा आला. शेजारी डॉ. विल्यम मास्टर्स यांचा. माणसाच्या कामजीवनाचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारी जोडी म्हणून तोवर दोघं जगभर माहीत झाली होती.

मी हे मायक्रोफोनसमोर बसून बोलतोय, म्हणून रेडिओवाल्या बाईपासून सुरुवात केली. दुसरंही एक कारण आहे, ते पुढं येईल.

या दोघांवर अमेरिकेत एक दूरचित्रवाणी मालिका निघाली. 'मास्टर्स ऑफ सेक्स' हे तिचं नाव. नावावर जाऊ नका, मास्टर्स हे डॉक्टरांचं आडनाव आहे. थॉमस मेयर या पत्रकारानं २००९ साली लिहिलेल्या त्यांच्या चरित्राचंही हेच नाव, आणि मालिका त्याच चरित्रावर बेतलेली. २९ सप्टेंबर २०१३ रोजी ती सुरू झाली, २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये संपली. चार पर्वं, ४६ भाग. मायकेल शीन या नटानं डॉक्टर उभा केला, लिझी कॅपलननं व्हर्जिनिया. पन्नास-साठच्या दशकातली ती इस्पितळं, सिगारेटचा धूर, टंकलेखन यंत्रांची खडखड, बायकांचे घट्ट बांधलेले केस, सगळं बारकाईनं उभं केलं आहे. खऱ्या व्हर्जिनिया जॉन्सन २४ जुलै २०१३ रोजी, म्हणजे पहिला भाग दाखवला जाण्याच्या दोनच महिने आधी, वयाच्या ८८ व्या वर्षी वारल्या.

माझ्या एका डॉक्टर मित्रानं ही मालिका बघ म्हणून सुचवलं. मी मुलाच्या लॅपटॉपवर, कानात इअरफोन घालून, रात्री बघायला बसलो. पन्नाशी उलटलेला माणूस, घरात सुना-नातवंडं यायचं वय. दोन-तीन रात्री बायकोनं बघितलं आणि मग आमच्या घरच्या दखनी बोलीत विचारलं की, कानात घालून ऐकताय एवढं काय? मुशायरा आहे का? मी थोडा गडबडलो. मग तिलाही शेजारी बसवलं. मध्ये मध्ये ती मान फिरवायची, पण उठून गेली नाही. भाग संपल्यावर तिनं एकच प्रश्न केला: "काम तर ही बाई करतेय सगळं. पुस्तकावर हिचं नाव आलं का?"

बी.ए. झालेल्या, आयुष्यभर कविता लिहीत बसलेल्या माणसाला हा प्रश्न सुचला नव्हता. आज त्या प्रश्नाच्या वाटेनंच जाऊ या.

आधी डॉक्टरांकडे. विल्यम मास्टर्स यांचा जन्म १९१५ चा, क्लीव्हलँड शहरातला. रॉचेस्टर विद्यापीठात ते वैद्यक शिकले. तिथं त्यांना जॉर्ज कॉर्नर हे गुरू भेटले. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, तेच हे कॉर्नर. माणसाच्या समागमाचा शास्त्रीय अभ्यास करायचा विचार तरुण मास्टर्सनी बोलून दाखवला, तेव्हा कॉर्नरनी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. आधी चाळिशी गाठ. तोवर दुसऱ्या एखाद्या विषयात नाव कमव. आणि पाठीशी एखादं मोठं विद्यापीठ असल्याशिवाय या वाटेला जाऊ नकोस. हा सल्ला विज्ञानाचा नव्हता, अब्रूचा होता. ज्या शरीरातून आपण सगळे आलो, त्याचं हे एक काम अभ्यासायचं, तर आधी माणसानं इतकी पत जमवायची की, ती थोडी गेली तरी तो उभा राहील.

मास्टर्सनी सल्ला अक्षरशः पाळला. १९४७ साली ते सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रुजू झाले. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून, वंध्यत्वावर उपचार करणारे म्हणून आणि संप्रेरकांचे अभ्यासक म्हणून त्यांनी नाव कमावलं. १९५४ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी मूळ कामाला हात घातला.

त्याआधी या विषयात काहीच झालं नव्हतं असं नाही. इंडियाना विद्यापीठातल्या आल्फ्रेड किन्झी यांचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. ते मूळचे प्राणिशास्त्रज्ञ, गांधीलमाशीच्या जातकुळीतल्या एका बारीक कीटकाचे अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १८ हजार माणसांच्या मुलाखती घेतल्या. १९४८ साली पुरुषांवरचा आणि १९५३ साली स्त्रियांवरचा ग्रंथ छापला. अमेरिका हादरली. सभ्य घरांत जे होत नाही असं सगळे म्हणत होते, ते सभ्य घरांतच होत होतं. पण किन्झींचं साधन होतं माणसाचा शब्द. माणसं सांगत, ते लिहून घेत. १९५६ साली ते वारले.

मास्टर्सना शब्दावर थांबायचं नव्हतं. डॉक्टर हृदयाचे ठोके मोजतात, फुप्फुसातली हवा मोजतात, पोटातलं आम्ल मोजतात. मग कामोत्तेजनेच्या वेळी शरीरात काय होतं, हे मोजलेलं वैद्यकाच्या पुस्तकात का नाही? ज्याच्या तक्रारी घेऊन माणसं दवाखान्यात येत होती, त्याबद्दल डॉक्टरला स्वतःलाच काही शिकवलेलं नव्हतं.

सुरुवातीला प्रतिष्ठित घरांतून कोण येणार? म्हणून त्यांनी वेश्यांना विचारलं. ११८ स्त्रिया आणि २७ पुरुष वेश्यांच्या मुलाखती झाल्या. त्यातल्या काहींनी प्रयोगातही भाग घेतला. त्यातल्याच एका बाईनं डॉक्टरांना तोंडावर सांगितलं की, बाईच्या शरीराला काय वाटतं, हे तुम्ही पुरुषानं कितीही विचारलं तरी तुम्हाला पुरतं कळणार नाही. जोडीला एखादी बाई घ्या. हा सल्ला कुठल्या विद्यापीठानं दिला नाही. जिला समाज दारात उभी करत नाही, तिनं दिला. आणि डॉक्टरांचा मोठेपणा हा की, त्यांनी तो मानला.

म्हणून १९५७ साली व्हर्जिनिया जॉन्सन आल्या. वैद्यकाची पदवी नाही, कुठलीच पदवी नाही. पण त्यांच्याकडे एक गुण होता, जो बहुतेक डॉक्टरांकडे नसतो: समोरचं माणूस त्यांच्याशी बोलायला लागायचं. लोकांना अभ्यासात यायला तयार करणं, त्यांची माहिती लिहून घेणं, घाबरलेल्या बाईच्या शेजारी बसणं, प्रयोग मध्येच थांबवायचा असेल तर थांबवता येईल हे पटवणं, हे काम त्या करत. मास्टर्स बोलायला कोरडे, करारी. जॉन्सन नसत्या तर त्या खोलीत यंत्रं असती, माणसं आली नसती.

आणि माणसं आली. ३८२ स्त्रिया आणि ३१२ पुरुष. कुणी विद्यापीठाच्या परिसरातले, कुणी नवरा-बायको जोडीनं. सगळ्यात म्हातारी स्त्री ७८ वर्षांची, सगळ्यात म्हातारा पुरुष ८९ वर्षांचा. अंगाला तारा जोडलेल्या, हृदयाचा आलेख कागदावर उमटतोय, कॅमेरा चालू आहे. सुरुवातीच्या दिवसांत ओळख पटू नये म्हणून चेहरे झाकलेले असायचे. सुमारे दहा हजार वेळा त्यांनी शरीराचा तो सगळा प्रवास आरंभापासून शेवटपर्यंत नोंदवला. हा विषय चघळण्याचा नाही, नोंदवण्याचा आहे, हे त्या दहा हजार नोंदींमागचं व्रत होतं.

त्याची किंमतही मोजावी लागली. पाठीशी असलेल्या विद्यापीठाची सावली पुरेना, तेव्हा १९६४ साली त्यांनी सेंट लुईसमध्येच स्वतःची संशोधन संस्था काढली. आणि १९६६ साली 'ह्युमन सेक्शुअल रिस्पॉन्स' हा ग्रंथ बाहेर पडला. चावटपणाचा आरोप येऊ नये म्हणून भाषा मुद्दाम इतकी अवघड आणि रुक्ष ठेवली होती की, डॉक्टरांनासुद्धा कष्टानं वाचावं लागावं. तरी पहिली आवृत्ती बघता बघता संपली.

आता बायकोच्या प्रश्नाचं उत्तर. होय, पुस्तकावर दोन नावं आहेत. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन. डॉक्टरांच्या नावापुढं एम.डी. आहे. बाईंच्या नावापुढं काही नाही. पण नाव आहे, आणि आभारांच्या पानावर नाही, मुखपृष्ठावर आहे. त्या काळात टिपणं काढणाऱ्या, टाइप करणाऱ्या, रुग्णांना सांभाळणाऱ्या कितीतरी बायकांची नावं प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीत विरून गेली. मास्टर्सच्या हिशोबात पुढं ज्या जमा-खर्चाच्या रकमा येतात, त्यांत ही जमेची मोठी रक्कम आहे.

पुस्तकात सांगितलं काय होतं? शरीराची उत्तेजना चार टप्प्यांतून जाते, हे त्यांनी मोजून दाखवलं: उत्तेजना वाढणं, ती एका पातळीवर टिकणं, कळस आणि मग शांत होणं. स्त्री आणि पुरुष यांच्या शरीरांचा हा प्रवास वेगळेपणापेक्षा सारखेपणाचाच जास्त आहे, हे दाखवलं. बाईचं सुख 'परिपक्व' कुठलं आणि 'अपरिपक्व' कुठलं, याबद्दल फ्रॉइडच्या काळापासून एक समज चालत आला होता. त्या समजापायी कितीतरी बायका मानसोपचारतज्ज्ञांसमोर स्वतःला आजारी समजून बसल्या होत्या. प्रयोगशाळेत असा काही फरक सापडला नाही. वय झालं म्हणजे हे सगळं संपतं, संपायलाच हवं, हाही समज त्या ७८ आणि ८९ वर्षांच्या मंडळींनी खोटा ठरवला.

१९७० साली दुसरा ग्रंथ आला, उपचारांवरचा. माझ्या मते त्यांच्या कामाचा गाभा इथं आहे. तोवर पुरुषाची तक्रार म्हणजे पुरुषाचा आजार आणि बाईची तक्रार म्हणजे बाईचा दोष, असं धरून उपचार चालत. या दोघांनी ठरवलं की, एकट्याला तपासायचंच नाही. नवरा-बायको दोघांनी यायचं, दोन आठवडे सेंट लुईसमध्ये राहायचं. समोर उपचार करणारेही दोन: एक पुरुष, एक स्त्री. म्हणजे खोलीत बाईची बाजू समजणारी बाई असेलच. सुरुवातीचे दिवस समागमाला चक्क मनाई. फक्त एकमेकांना स्पर्श करायचा, काय बरं वाटतं ते सांगायचं. नापास होण्याच्या भीतीनं ज्याला घाम फुटतो, त्याची आधी परीक्षाच रद्द करायची, अशी ती युक्ती होती. पाचातली चार जोडपी बरी झाली असं त्यांनी लिहिलं. यश नेमकं कसं मोजलं, यावर १९८० साली टीकाकारांनी बोट ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. पण स्पर्शापासून सुरुवात करायची ही पद्धत आजही जगभरचे उपचारक वापरतात.

आता मालिकेकडे परत येतो. मालिका म्हणजे इतिहास नव्हे. तिच्यातली कितीतरी माणसं लेखकांनी घडवलेली आहेत. विद्यापीठाचे वरिष्ठ अधिकारी बार्टन स्कली आणि त्यांची पत्नी ही पात्रं काल्पनिक. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची चाचणी बायकांपर्यंत पोहोचावी म्हणून धडपडणारी ती डॉक्टरीणही काल्पनिक, चाचणी मात्र खरी. पण या काल्पनिक माणसांमुळेच त्या काळातल्या घुसमटीचे चेहरे आपल्याला दिसतात.

मला चटका लावून गेली ती मात्र डॉक्टरांची बायको, लिबी. मालिकेत असं आहे: शहरातला हा सगळ्यात नावाजलेला वंध्यत्वतज्ज्ञ. दुसऱ्यांच्या घरी पाळणे हलवणारा. याच्या घरी मूल नाही. लिबीला वाटतं दोष आपला. ती औषधं घेते, तपासण्या करून घेते, नवऱ्याची माफी मागते. दोष डॉक्टरच्या शरीरात आहे, तो त्याला माहीत आहे, आणि तो गप्प बसतो. शास्त्रज्ञ, धाडसी, जगाला सत्य सांगायला निघालेला माणूस, आणि स्वतःच्या बेडरूममध्ये एक वाक्य बोलू शकत नाही.

तो भाग बघून मला झोप लागली नाही. मला माझी थोरली खाला आठवली.

खालाच्या लग्नाला दहा वर्षं झाली, मूल नव्हतं. तिला दर्ग्यांवर नेलं, ताबीज बांधले, झाडपाल्याचे काढे पाजले. तालुक्याच्या गावी डॉक्टरकडे नेलं, ते तिला एकटीला. खालूंना कुणी "तुम्ही पण चला" म्हणालं नाही. म्हणणार कोण? सासऱ्यानं म्हणायचं? खालानं म्हणायचं? शेवटी खालूंचं दुसरं लग्न लागलं. त्या लग्नाच्या जेवणावळीत खाला वाढायला होती. मी लहान होतो, तिनं माझ्या ताटात वाढलेला जर्दा मला आठवतो. पाच-सहा वर्षं गेली. दुसरीलाही मूल झालं नाही. आता तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडावा? नाही. लोक म्हणाले, पहिलीची नजर लागली. खाला हे ऐकत म्हातारी झाली, आणि वांझ हा शब्द कपाळावर घेऊनच गेली.

आमच्या मक्तबमध्ये मौलवीसाहेब गुस्लचे नियम शिकवायचे. कुठल्या कुठल्या कारणानं आंघोळ वाजिब होते, ते अगदी सरळ शब्दांत, न लाजता सांगायचे. शरीर पाक कसं करायचं ते आम्हाला कळलं. शरीराचं दुखणं कुणाला विचारायचं, ते मात्र ना मक्तबनं शिकवलं, ना सरकारी शाळेनं, ना पुढं कॉलेजनं. याबाबतीत आपल्याकडे सगळ्या गल्ल्यांतली घरं सारखीच बंद.

कुणी म्हणेल, सेंट लुईसच्या लोकांचं कौतुक काय सांगता, आपल्याकडे रघुनाथराव नव्हते का? होते. अण्णासाहेब कर्व्यांचे थोरले चिरंजीव, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या प्रचारापायी १९२५ साली प्राध्यापकी सुटली. १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. पत्नी मालतीबाई या सगळ्या ओढगस्तीत बरोबरीनं उभ्या होत्या. वाचक पत्रांतून आपल्या शंका विचारत, आणि रघुनाथराव छापून उत्तरं देत. अशाच उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू न्यायालयात मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड झाला, मासिक चालू राहिलं. अमोल पालेकरांनी २००१ साली 'ध्यासपर्व' हा चित्रपट केला, आणि २०१७ साली अजित दळवींनी लिहिलेलं, अतुल पेठेंनी बसवलेलं 'समाजस्वास्थ्य' हे नाटक रंगभूमीवर आलं. रघुनाथरावांकडे प्रयोगशाळा नव्हती, यंत्रं नव्हती. टपालानं आलेले प्रश्न होते. खालाला मात्र लिहिता येत नव्हतं, त्यामुळे तिचा प्रश्न टपालातसुद्धा पडला नाही.

आता खर्चाची बाजू. ती सांगितली नाही तर हे भाषण म्हणजे नुसता गुणगौरव होईल, आणि मास्टर्स-जॉन्सन यांच्या कामालाच ते शोभणार नाही.

पहिली गोष्ट व्हर्जिनियाबाईंची. अभ्यासाचा भाग म्हणून मास्टर्सनी त्यांच्याकडे स्वतःशी शरीरसंबंधांची मागणी केली, आणि तो संबंध बरीच वर्षं चालला. मालिकेत हे दोन बरोबरीच्या माणसांमधलं गुंतागुंतीचं प्रेम म्हणून येतं. पण मेयर यांच्याशी बोलताना म्हाताऱ्या व्हर्जिनियाबाईंनी जे सांगितलं, ते एवढं रंगीत नाही. दोन मुलांची आई, हातात पदवी नाही, हीच नोकरी. नाही म्हणायची सोय नव्हती. १९७१ साली दोघांनी लग्न केलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते मोडलं. म्हणजे बाईचं म्हणणं ऐकण्यासाठी ज्या माणसानं बाईला कामावर घेतलं, त्यानंच तिच्याबाबतीत तो प्रश्न विचारला नाही. पुस्तकावर नाव आलं, हे खरं. नावाची किंमत काय पडली, हे माझ्या बायकोनं विचारलं नव्हतं, पण तेही सांगायला हवं.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. १९७९ साली त्यांनी समलिंगी स्त्री-पुरुषांवर ग्रंथ लिहिला. बदलायची इच्छा असलेल्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक लोकांना आम्ही उपचारांनी बदललं, असा त्यात दावा होता. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ सालीच समलिंगी असणं रोगांच्या यादीतून काढून टाकलं होतं. म्हणजे जो रोगच नाही, त्याच्यावरचा हा इलाज. आणि मेयर यांच्या चरित्रात नोंद आहे की, संस्थेतले त्यांचे निकटचे सहकारी डॉ. रॉबर्ट कोलोडनी यांना त्या रुग्णांच्या फाइली आणि ध्वनिफिती शोधूनही बघायला मिळाल्या नाहीत. स्वतः व्हर्जिनियाबाईंनाही त्या दाव्याबद्दल शंका होती. दहा हजार वेळा मोजणाऱ्या माणसानं इथं मोजमाप दाखवलं नाही. नाव मोठं झालं होतं, लोक विश्वास ठेवतील हे माहीत होतं. त्या दाव्यावर विश्वास ठेवून किती आईबापांनी आपली मुलं 'दुरुस्त' करायला नेली असतील, या विचारानं अंगावर काटा येतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं, तरी 'दुरुस्ती' करून देणाऱ्यांची दुकानं आपल्याकडे बघायला मिळतातच. मालिका या १९७९ सालापर्यंत पोहोचत नाही, सत्तरच्या दशकाच्या तोंडाशीच थांबते. इतिहासाला तशी सवलत नसते.

पुढं १९८८ साली एड्सवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यात धोका इतका फुगवून सांगितला होता की, अमेरिकी सरकारच्या आरोग्यप्रमुखांनीच त्यावर जाहीर टीका केली. १९९४ साली मास्टर्स निवृत्त झाले आणि संस्थेला कुलूप लागलं. २००१ साली ते वारले.

मग या दोघांना मोठं म्हणायचं की नाही? मी म्हणतो, ज्या कामात त्यांनी विचारलं, ऐकलं, मोजलं आणि नोंद जगासमोर ठेवली, त्या कामात ते मोठेच होते. जिथं नोंद दाखवायची सोडून 'आम्ही सांगतो म्हणून' असं ते म्हणाले, तिथं ते इतर कुठल्याही बुवाइतकेच झाले. माणूस तोच, बाई तीच, संस्था तीच. फरक पडला तो प्रश्न विचारण्याच्या सवयीत.

शेवटी घरचं एक सांगतो. गेल्या वर्षी माझ्या भाच्याच्या लग्नाला चार वर्षं झाली. मूल नाही म्हणून घरात कुजबुज सुरू झाली. सुनेला अमुक डॉक्टरांना दाखवा, तमुक ठिकाणी न्या, अशी चर्चा आमच्याच दिवाणखान्यात चालली होती. बायका बोलत होत्या, पुरुष चहा पीत होते, आणि ती पोरगी आतल्या खोलीत भांडी लावत होती. मूल न होण्याच्या निम्म्याच्या आसपास प्रकरणांत पुरुषाकडच्या कारणांचाही वाटा असतो, हे मला त्या वेळी माहीत होतं. तरी मी चहा पीत होतो. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "दोघांना न्या." सगळे एकदम गप्प झाले. मग माझ्याही तोंडून शब्द फुटला. मी भाच्याला म्हणालो, "बेटा, आधी तू तपासून घे. घाबरू नकोस, मी येतो बरोबर." त्याचा चेहरा लाल झाला, तो उठून बाहेर गेला. दोन दिवस त्यानं माझा फोन घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. मामू, शुक्रवारची वेळ घेतलीय, म्हणाला. मी गेलो. दवाखान्यात गर्दी होती. खिडकीतल्या बाईनं नाव विचारलं, तेव्हा त्यानं आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग बायकोचं. केसपेपरवर दोन्ही नावं लिहिली गेली. मी बाकावर बसून ते बघत होतो. खाला असती तर तिला तो कागद दाखवला असता.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)